पहिली बॅरल निवडताना: कोल्हापुरातल्या नव्या नेमबाजांसाठी

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, आणि तेव्हापासून आपल्याकडं रायफलची चौकशी करणारे वाढले. कोल्हापूरला हे नवीन नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, त्याच्या आधीपासून दुधाळीच्या रेंजवर पोरं घाम गाळतायत. नवीन एवढंच, की आता पालक चार व्हिडिओ बघून येतात आणि पहिलाच प्रश्न बॅरलचा, म्हणजे रायफलच्या नळीचा असतो. कुठल्या कंपनीची? किती लांब? जाड घ्यावी की बारीक?

हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांचा नंबर नंतरचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: बॅरल एकटी निवडता येत नाही. ती गोळीच्या ठरावीक लॉटसोबत (कारखान्यात एका खेपेला बनलेल्या गोळ्या) निवडायची असते, आणि ज्याच्या खांद्यावर ती रायफल जाणार त्याच्या अंगाला पेलेल अशी. हे दोन जमले की कंपनीचं नाव तिसऱ्या नंबरला येतं.

पायरी १: आधी कागद

बॅरल म्हणजे कायद्याच्या नजरेत नुसता लोखंडी पाइप नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. म्हणजे सुटी .२२ (साधारण ५.६ मिमी बोअरची) बॅरल विकत घेणं, मागवणं, जवळ ठेवणं हे सगळं परवान्याच्या चौकटीतच. क्लब किंवा असोसिएशनच्या सदस्याला निशाणेबाजीसाठी .२२ रायफलचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे, पण तो क्लब मान्यताप्राप्त हवा. त्यामुळे क्रम असा: क्लबचं सदस्यत्व, क्लबच्या रायफलवर सराव, मग जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्याचा अर्ज, आणि त्यानंतर खरेदी. एअर रायफलचं वेगळं आहे. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, त्यामुळे ती या मर्यादेत आरामात बसते.

शिकारीची रायफल घ्यायची म्हणून कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी थोडक्यात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि हौसेची शिकार आपल्या देशात बंद आहे. संस्थानच्या काळात इथं चित्ते पाळून शिकार व्हायची, दाजीपूरचं जंगल राजघराण्याचं शिकारीचं रान होतं, पण १९५८ पासून ते अभयारण्य आहे आणि तिथल्या गव्याकडं फक्त दुर्बिणीतून बघायचं. शेताच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला म्हणून रानडुकरावर गोळी झाडायची परवानगी मिळाली असं होत नाही. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

आता खास कोल्हापुरी अडचण. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत काय बनत नाही? एक पालक क्लबात आले, स्वतःचं मशीन शॉप असलेले. म्हणाले, "सर, आमच्याकडं गन ड्रिलिंग होतंय की. चांगला रॉड आणतो, बॅरल मीच काढून देतो पोराला."

"काका, तुमच्या हाताला शंका नाही. पण विनापरवाना बॅरल काढली तर पोराच्या आधी तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील."

हसले, पण पटलं. शस्त्र किंवा त्याचा भाग बनवणं आणि दुरुस्त करणं याला कलम ५ चा परवाना लागतो, आणि बॅरल कापून आखूड करणं हा कलम ६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. "टोक जरा खराब झालंय, अर्धा इंच फेसिंग मारून घेऊ" असलं काही ओळखीच्या लेथवर अजिबात नको. ते काम परवानाधारक आर्मररचंच, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

पायरी २: १० मीटर की ५० मीटर

बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर रायफलनं होते आणि तिथं बॅरल निवडायचा प्रश्न जवळपास येतच नाही. रायफल जशी येते तशी बॅरल, साधारण ४२ सेंटिमीटरच्या आसपास. तिथं निवडायचा असतो तो छर्रा. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ अशा मापांत डबे मिळतात. चार मापं आणून रायफल शिकंज्यात किंवा भक्कम सँडबॅगवर ठेवून ग्रुप मारायचे (एकाच नेमावर लागोपाठ काही छर्रे झाडून भोकांचा पसारा बघायचा) आणि जे माप घट्ट ग्रुप देईल ते धरायचं. संपलं. एअर रायफलची बॅरल बदलायला सांगणारा कुणी भेटला तर आधी छर्ऱ्याचं माप तपासलंय का विचारा.

यापुढचं सगळं ५० मीटरच्या .२२ रायफलबद्दल आहे. ३०० मीटर बिग बोअरचे (मोठ्या काडतुसाच्या रायफलीचे) नियम वेगळे पडतात. तिथं गोळी जितकी लांब तितका पीळ (नळीतल्या चरांचा फेरा) जलद लागतो, बॅरलची लांबी वाढली की वेगही खरोखर वाढतो, आणि बॅरलचं आयुष्य फार कमी असतं. नव्या माणसानं त्या वाटेला लगेच जाऊ नये.

पायरी ३: आपल्याला नक्की किती अचूकता हवी, ते मोजा

हे कुणी करत नाही, आणि मग नको तिथं पैसा जातो.

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं. गोळी ५.६ मिमी. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी १० मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत राहिला की काम झालं. वेगळ्या शब्दांत, सगळ्या गोळ्यांचे मध्य १६ मिमीच्या वर्तुळात बसले पाहिजेत. कागदावर भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियर लावला तर तेच माप २१.६ मिमी येतं.

आता चांगली मॅच बॅरल चांगल्या लॉटसोबत शिकंज्यातून १० गोळ्यांचा ग्रुप बाहेरून बाहेर १५ ते १६ मिमीत देते. साधी, वापरलेली पण तब्येतीनं ठीक असलेली रायफल १९-२० देते. दोन्ही १० च्या वर्तुळात बसतात! मग फरक कुठं पडतो? माणसाचा हात हलतो तिथं. रायफलचा पसारा आणि तुमचा पसारा एकत्र होऊनच भोक पडतं. शिवाय दशांशात गुण मोजतात तिथं प्रत्येक ०.८ मिमीला एक दशांश जातो. ६०० पैकी ५८० च्या पुढं जाणाऱ्याला हा हिशोब टोचतो. स्टँडिंगला अजून ७ आणि ८ मारणाऱ्या पोराला चार मिलिमीटर घट्ट बॅरलचा काही उपयोग नाही. त्याला तेवढ्याच पैशात दोन वर्षांची अॅम्युनिशन घेऊन द्या.

पायरी ४: लांबीचा गैरसमज

"लांब नळी, लांब नेम" हे आपल्याकडं इतकं मुरलंय की विचारायची सोय नाही. .२२ लाँग रायफलच्या काडतुसात दारू चिमूटभर असते. ती ४० ते ४८ सेंटिमीटरमध्ये आपलं काम करून मोकळी होते. त्यापुढच्या नळीत गोळी वेग घेत नाही, उलट घर्षणानं किंचित घालवते. मॅच गोळी नळीतून साधारण ३२५ मीटर प्रति सेकंद वेगानं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आत, बाहेर पडते आणि ते तसंच हवं असतं.

मग ६६-६९ सेंटिमीटरच्या बॅरली का असतात? फ्रंट साइट (नेम धरायची पुढची खूण) डोळ्यापासून लांब जावी म्हणून, आणि पुढं वजन पडून रायफल शांत राहावी म्हणून. पण साइट लांब न्यायला आता नळीच्या तोंडावर पोकळ ट्यूब बसवता येते. त्यात गोळी कशाला शिवत नाही. त्यामुळे आखूड बॅरल आणि पुढं ट्यूब ही जोडणी आज सर्रास दिसते. आखूड नळीचा एक खरा फायदा आहे: गोळी नळीतून लवकर निघून जाते, आणि ट्रिगर दाबल्यानंतर हात हलायला तेवढा कमी वेळ मिळतो. नव्या माणसाचा फॉलो-थ्रू (ट्रिगर दाबल्यावरही नेम धरून राहणं) कच्चा असतो, त्याला याचा उपयोग जास्त. मात्र ट्यूबला भोकं पाडलेली नकोत, मझल ब्रेक किंवा कॉम्पेन्सेटर (वायू वळवून धक्का आणि उसळी कमी करणारी तोंडावरची जोडणी) नको. नियमात दोन्हीला मनाई आहे आणि इक्विपमेंट कंट्रोलच्या (स्पर्धेतल्या साहित्य तपासणीच्या) टेबलावर रायफल अडकते.

पायरी ५: वजन

थ्री पोझिशनमध्ये रायफलला ८ किलोची मर्यादा आहे. त्यात साइट, हँडस्टॉप (पुढचा हात अडवायचा भाग), वजनं सगळं आलं. बॅरलचा हिशोब मशीनवाल्या गावात सोपा आहे. ६६ सेंटिमीटर लांब, २२ मिमी व्यासाची सरळ पोलादी बॅरल साधारण १.८ किलो भरते. तीच २० मिमीची घेतली तर दीड किलो. दोन मिलिमीटरमध्ये तीनशेवर ग्रॅम गेले, तेही बहुतांश पुढच्या हाताच्या पुढचे.

जाडीचा फायदाही खरा आहे. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २० ऐवजी २२ मिमी घेतल्यावर तो दीडपटीच्या जवळ जातो आणि नळीची थरथर कमी होते. पण सोळा वर्षांच्या पोरीला स्टँडिंगमध्ये ते पुढचं वजन पाठीवर येतं, आणि अर्ध्या मॅचनंतर कंबर मागं टाकून ती रायफल तोलायला लागते. म्हणून तोल अंगावर तपासा. पूर्ण जॅकेट, ट्राउझर, बूट घालून, क्लबच्या दोन वेगवेगळ्या रायफली उचलून वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, गोळी न झाडता. दहाव्या मिनिटानंतर फ्रंट साइट कुठं झुकते ते बघा. खाली झुकत असेल तर पुढं जड आहे. एवढी साधी तपासणी कॅटलॉगमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगते. शंका असेल तर हलकी बॅरल घ्या, वजन नंतर लावता येतं. जड बॅरलमधून काढता येत नाही.

पायरी ६: पोलाद, पीळ, रायफलिंग

यावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतील. पीळ १६ इंचाला एक फेरा, हेच .२२ चं रूढ माप आहे, त्यात डोकं घालू नका. रायफलिंग, म्हणजे नळीच्या आतले पिळाचे चर, बटन ओढून केलंय, एकेक चर कापून केलंय की हातोडा-फोर्जिंगनं, या तिन्ही पद्धतींच्या बॅरलींनी मेडल मिळवलीत. पद्धतीपेक्षा नंतर पोलादातला ताण नीट काढलाय का आणि आतून लॅपिंग (बारीक घासून गुळगुळीत करणं) झालंय का, ते महत्त्वाचं. बाहेरून चर पाडलेली बॅरल दिसते झकास, पण लॅपिंगनंतर चर पाडले असतील तर आतलं माप जागोजागी बदललेलं असू शकतं, म्हणून .२२ मध्ये मी ती टाळतो.

स्टेनलेस की क्रोम-मॉली (गंजणारं मिश्र पोलाद)? अचूकतेत फरक नाही. आपला जून ते सप्टेंबर बघता मी स्टेनलेसकडं झुकेन. पावसाळ्यात रेंजवरून घरी येईपर्यंत रायफल केसमध्ये दमट होते, आणि साध्या पोलादाच्या बॅरलवर एका रात्रीत बारीक तांबूस ठिपके येतात.

पायरी ७: वापरलेली रायफल बघताना

आपल्याकडं बहुतेकांची पहिली .२२ सेकंडहँडच असते, त्यामुळे इथं जरा वेळ काढा. रायफल रिकामी आहे, बोल्ट बाहेर आहे, हे स्वतः बघा. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही. सोबत परवानाधारक आणि जमल्यास आर्मरर असू दे.

सुरुवात नळीच्या तोंडापासून. गोळीला शेवटचं शिवणारी जागा म्हणजे क्राउन, आणि ती एका बाजूला किंचित जरी झिजली असेल तरी मागून येणारा वायू गोळीला कलतं ढकलतो. कापसाचा बड घेऊन आतून बाहेरच्या दिशेनं कडेवरून हळू फिरवा. कुठं तंतू अडकला तर तिथं खरचटलंय. शिवाय बरीच वापरलेली पण चांगली बॅरल असेल तर तोंडावर शिशाचा राखाडी तारा दिसतो, प्रत्येक चरासमोर एक पाकळी. पाकळ्या सारख्या असतील तर चांगली खूण. एका बाजूला पसरट असतील तर किंमत पाडून मागा किंवा निघा.

मग आतलं माप. आर्मरर मऊ शिशाचा तुकडा मागून आत घालतो आणि रॉडनं एकसारख्या जोरानं पुढं ढकलतो. हे स्वतःच्या हातानं करायला मागा, कारण ते हातालाच कळतं. चेंबरपुढं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेपुढं, पहिला जोर लागतो, मग रॉड लोण्यातून सुरी जावी तसा एकसारखा सरकला पाहिजे, आणि शेवटच्या दोन-तीन इंचात थोडा घट्ट झाला तर उत्तम. मॅच बॅरल तोंडाकडं मुद्दाम अगदी थोडी आवळलेली असते. मध्येच रॉड सुटल्यासारखा झाला तर तिथं नळी सैल आहे. मध्ये एखादी घट्ट जागा चालून जाते. तोंडाशी सैल असलेली बॅरल मात्र घेऊ नये, मग तिच्यावर नाव कितीही मोठं कोरलेलं असो.

चेंबरच्या लगेच पुढं कार्बनचं कडक कडं धरतं. त्यानं ग्रुप बिघडतो आणि मालक "बॅरल गेली" म्हणून स्वस्तात विकतो. नीट साफ केल्यावर ती पुन्हा बोलायला लागते. .२२ ची बॅरल हजारोंच्या पटीत गोळ्या झेलते, ती अशी सहजासहजी मरत नाही. बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची दुर्बीण) असलेला आर्मरर मिळाला तर अशा रायफली खऱ्या अर्थानं स्वस्त पडतात.

पायरी ८: लॉट टेस्ट

सगळ्या लेखात हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी, पण डब्यावरचा लॉट नंबर बदलला की ग्रुप १५ चा २४ होऊ शकतो. कारण समजून घ्या. ५० मीटर जाताना गोळी गुरुत्वाकर्षणानं साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असेल तर नुसत्या त्यानंच ७-८ मिमीचा उभा फरक पडतो, म्हणजे आपल्या १६ मिमीतले जवळपास अर्धे खर्ची पडले. त्यात नळी गोळी सुटताना वर-खाली थरथरत असते. हळू गोळी उशिरा निघते. ती निघताना तोंड वर जात असेल तर कमी पडलेला वेग आपोआप भरून निघतो. तोंड खाली येत असेल तर फरक आणखी वाढतो. म्हणून एका बॅरलला आवडलेला लॉट शेजारच्या बॅरलमध्ये फसतो. तोंडावर ट्यूनर (जागा बदलता येणारं वजन) लावतात तो ही थरथर सोयीची करून घेण्यासाठीच.

वरच्या फळीतले नेमबाज युरोपात गोळी बनवणाऱ्यांच्या टेस्ट सेंटरवर बॅरल शिकंज्यात लावून लॉट निवडतात आणि तोच लॉट हजारांनी उचलतात. आपल्याला क्लबात करता येण्यासारखं असं: चार-पाच जणांनी मिळून तीन-चार लॉटचा एकेक डबा घ्या. सकाळी लवकर या, ऊन तापल्यावर रेंजवर वारा उठतो आणि मग तुम्ही बॅरल तपासताय की वारा, ते कळत नाही. नवीन लॉट सुरू करताना आधीच्या गोळीचं मेण आतून जायला वीसेक गोळ्या नुसत्या मारा. मग १० गोळ्यांचे चार ग्रुप. पाच गोळ्यांचा ग्रुप मोजू नका. त्याच रायफलचा पाचचा ग्रुप दहाच्या ग्रुपपेक्षा सरासरी पाचव्या हिश्श्यानं लहान दिसतो, आणि विकणारा नेहमी पाचचाच फोटो दाखवतो, शक्यतो त्यातला सगळ्यात चांगला.

चारही कागदांवर तारीख, लॉट नंबर आणि हवेची नोंद करा. सगळ्यात छोट्या ग्रुपवर भाळू नका, सगळ्यात मोठा ग्रुप बघा. १४, १५, १५, २३ देणाऱ्या लॉटपेक्षा १७, १७, १८, १८ देणारा मी घेईन. मॅचमध्ये तो २३ कुठल्या सिरीजमध्ये येईल हे कुणी सांगत नाही.

चारही लॉट सारखेच पसरले तर मग बॅरल, बेडिंगचे (रायफल दस्त्यात आवळणारे) स्क्रू आणि साइटचे स्क्रू तपासायची वेळ. पण उलट्या क्रमानं: आधी साइट, मग बेडिंग, बॅरल शेवटी. "बॅरल खराब आहे" या तक्रारीत सैल स्क्रू निघण्याचं प्रमाण बघून हसू येतं.

पायरी ९: नवी बॅरल कधी

गुण अडलेत, चार-पाच लॉट पडताळून झालेत, शिकंज्यातून ग्रुप सातत्यानं २२ च्या वर आहे आणि बोअरस्कोपमध्ये चेंबरपुढची जागा खरवडलेली दिसते, एवढं सगळं जुळलं तर नवी बॅरल. चेंबर मॅच प्रकारचं आणि तुमच्या अॅक्शनला (बोल्ट बसतो तो रायफलचा भाग) मापानं बसवून घ्या. नवी बॅरल आली की जुन्या लॉटचा साठा तिला चालेलच असं नाही, त्यामुळे हजार राउंड शिल्लक असताना बॅरल बदलू नका.

साफसफाईला एकसंध कोटेड रॉड आणि मागून रॉड गाइड. जोडाचा अॅल्युमिनियमचा रॉड तोंडाकडून घालणाऱ्याच्या हातातून तो काढून घ्या, मग वाईटपणा आला तरी चालेल.

आणि काढलेली जुनी बॅरल घराच्या माळ्यावर टाकायची नाही, भंगारवाल्याला तर नाहीच. आपल्या भंगाराचा माल फाउंड्रीत जातो आणि वितळतो हे खरं, पण कागदावर ती अजून तुमच्याच नावावर असते. परवानाधारक डीलरकडं किंवा आर्मररकडं जमा करा, परवान्यावर आणि त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद झाल्याचं बघा आणि पावती परवान्याच्या फाइलला लावून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी कारकून तीच मागतो.